कळसाडीचा अनोळखी वैमानिक

वॉल्टन, लाहोर
ता. ९ नोव्हेंबर १९४२

ती. सौ. रेवाताईस,
वीरसिंगचा साष्टांग नमस्कार.

पाकिटावर लाहोर वाचून तू दाजींना हाक मारली असशील. आधी खाली बस, मग वाच. मी आता पुण्याच्या कॉलेजात नाही. गेल्या महिन्यात हवाईदलात भरती झालो. विमान चालवायला शिकणार आहे.

आबांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि त्यांनी नाही म्हटल्यावर माझ्याच्याने निघवलं नसतं. म्हणून विचारलंच नाही. हे कुठून डोक्यात आलं म्हणशील, तर सांगतो. पुण्याजवळ एका माळावर विमान उतरलेलं पाहिलं. चालवणारा खाली आला, त्याने खिशातून पेरू काढला आणि पंखाला टेकून खाऊ लागला. इतक्या उंचावरून आलेला माणूस आल्याबरोबर पेरू खातो, याचं मला इतकं नवल वाटलं की त्या दिवशी गणिताचा तास माझ्या डोक्यावरून गेला.

इथल्या कारकुनाने नाव विचारलं. मी सांगितलं, वीरसिंग भावसिंग. त्याने ‘व्ही. बी. सिंग’ लिहिलं आणि विचारलं, पंजाबातला जिल्हा कोणता? मी म्हटलं, पश्चिम खानदेश. त्याने भिंतीवरचा नकाशा निरखून पाहिला. नकाशा पंजाबचाच होता. “असा जिल्हा नाही,” म्हणाला आणि जागा कोरी सोडली. घरचा पत्ता म्हणून मी पुण्याच्या वसतिगृहाचा पत्ता दिला, नाहीतर इथून आबांना कागद गेला असता.

महिना झाला, विमान अजून जवळून दिसलेलं नाही. विमानं कमी आहेत, म्हणून तूर्त आम्हीच विमानं आहोत. मैदानात चुन्याच्या रेघा मारल्यात. दोन्ही हात पसरून धावत यायचं आणि रेघेवर ‘उतरायचं’. काल मी एका शीख मुलावर आदळलो. सार्जंटने दोघांनाही मेलेलं ठरवलं आणि मेलेल्यांना जेवण उशिरा दिलं.

ताई, आबांना तूच सांग. तुझ्यावर ते चिडत नाहीत.

तुझा,
वीरसिंग


धानोरा
ता. २८ नोव्हेंबर १९४२

चि. वीरसिंग यास रेवाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस चुलीशी बोलत होते. मग दाजींनी गाडी जुंपून दिली, प्रकाशा गावाच्या घाटावर तापी उतरले आणि कळसाडीला गेले. सांगितलं. पण जे सांगितलं ते पोचलं नाही.

आबा जेवायला बसले होते. मी जीव मुठीत धरून म्हटलं, “आबा, वीरसिंग हवाखातामा लागना.”

आबांनी घास खाली ठेवला. म्हणाले, “हवा खावाले गया? बरं व्हयनं. पुनानं पानी त्याले मानतच नव्हतं.”

मी तोंड उघडलं होतं. पण आबा इतके खूश झाले, की मी त्याच तोंडात भाकरीचा तुकडा घातला. आता साऱ्या गावाला माहीत आहे की भावसिंग पाटलांचा मुलगा पंजाबात हवापालटाला गेलाय. संध्याकाळी पारावर लोक येऊन तुझ्या प्रकृतीची चौकशी करतात. वैद्यबुवांनी निरोप दिलाय, वाऱ्यावर बसू नको, आणि उंच जागी चढू नको, तुला चक्कर येते. तू लहानपणी चिंचेवरून पडलास ते त्यांना अजून आठवतं.

मायने डिंकाच्या लाडवांचा डबा भरून दिलाय, तो पाठवते. ते खा, आणि ज्याच्यावर आदळलास त्यालाही दे.

आबांना खरं सांगेन. पण ते एवढ्या आनंदात असताना नाही.

रेवाताई


जोधपूर
ता. १४ मार्च १९४३

ती. रेवाताईस सा. नमस्कार.

उडालो! पण आधी ओकलो.

आमची विमानं एकावर एक पंखांची, कापडाची, वरून उघडी. पुढे शिकवणारे साहेब, मागे मी. बोलायला मधे रबरी नळी. तिचं एक टोक त्यांच्या तोंडाशी, दुसरं माझ्या कानाशी. मला उलट बोलता येत नाही, फक्त ऐकता येतं. पहिल्या दिवशी जमीन वर आणि आभाळ खाली झालं तेव्हा मी हातमोज्यात ओकलो. खाली उतरल्यावर साहेबांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. मी तो मोजा पाठीमागे लपवला आणि डावा हात दिला. त्यांना वाटलं, आमच्या देशाची तशीच रीत आहे. तेव्हापासून ते रोज डावा हात देतात.

लाडवांचा उपयोग झाला, पण मायला वाटला होता तसा नाही. पंधरा दिवस माझं विमान उतरताना बेडकासारखं उड्या मारत होतं आणि नळीतून येणाऱ्या शिव्यांनी कान भरून जात होते. एका सकाळी साहेबांनी निघताना एक लाडू तोंडात टाकला. डिंक त्यांच्या दाढांना असा बसला की तोंडच उघडेना. नळी गप्प. त्या शांततेत मला पहिल्यांदा वारा ऐकू आला, यंत्र ऐकू आलं, आणि मी विमान पिसासारखं टेकवलं. साहेब “ऊं” म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एकट्याला वर सोडलं.

पुढची खुर्ची रिकामी होती, ताई. मला इतकं एकटं वाटलं की मी मोठ्याने बाराखडी म्हणू लागलो. ‘ज्ञ’पर्यंत आलो तेव्हा भीती गेली होती आणि खाली उतरायची इच्छाही गेली होती.

एक गोष्ट फक्त तुला. लाहोरला मी ज्याच्यावर आदळलो होतो तो हरनाम, माझ्या शेजारच्या खाटेवरचा, परवा परत आला नाही. त्याचे बूट खाटेखाली आहेत, पॉलिश केलेले. कोणी हलवत नाही. हे मायला सांगू नकोस.

अजून लाडू पाठव. इथली दोन मुलं अजून बेडकासारखी उतरतात.

तुझा,
वीरसिंग


धानोरा
ता. २० मे १९४३

चि. वीरसिंग यास आशीर्वाद.

हरनामचं वाचलं. मी पत्र पेटीत तळाशी ठेवलंय. त्याला लाडू मिळाला होता ना?

आखाजीच्या सणाला माहेरी गेले होते. झोक्यावर बसले असताना मायने विचारलं, “सांग, तो काय करी ऱ्हायना?” तिला फसवणं मला कधी जमलंय? सारं सांगितलं. रडेल म्हणून मी पदर हातात घेऊन बसले होते. ती म्हणाली, “वर त्याले कोनी जेवाले देस का?” मी म्हटलं, उतरल्यावर मिळतं. मग ती झोक्याला झोका देत राहिली.

आता आकाशात घरघर झाली की माय अंगणात येते. परवा तीन विमानं धुळ्याकडे गेली, तर तिने हातातली भाकरी उंच धरून दाखवली. आबांनी विचारलं, “काय देखी ऱ्हायनी?” माय म्हणाली, “घार.” आबांना तर विमानांचा भारी राग. ती कापसावर सावली पाडतात आणि सावली पडली की बोंड फुटत नाही, असं ते म्हणतात. पोलीस पाटलांना सांगून त्यांनी सरकारला अर्ज केलाय, की विमानं ओढ्यावरून न्यावीत.

तुला सांगणार नव्हते. पण मायला दम लागतो. विहिरीवरून येताना दोनदा बसते. वैद्यबुवा काही बोलत नाहीत आणि एवढा बोलणारा माणूस गप्प राहिला की मला धास्ती वाटते. ती सारखी म्हणते, “एकदाव डोयाभर देखू दे त्याले.”

तुझी,
रेवाताई


मुंबई
ता. ५ जानेवारी १९४४

ती. रेवाताईस सा. नमस्कार.

अंबाल्याचं शिक्षण संपलं. छातीवर पंखांचं चिन्ह शिवलं आणि मला अधिकारी केलं. मला वाटलं, आता लढाईवर पाठवतील. पण मला पोस्टमन केलंय. विमान एका तळावरून घ्यायचं, दुसऱ्या तळावर पोचवायचं, आगगाडीने परत यायचं. शत्रू अजून पाहिला नाही. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात मात्र बऱ्याच लढाया केल्या.

रजा मागितली. कारण विचारलं. आई आजारी म्हटलं. साहेबांनी माझा कागद काढला, त्यात घरच्या माणसांची जागा कोरी. “आई आहे याची नोंद नाही,” म्हणाले. आता ती नोंद करायची तर आबांना कागद जाणार.

म्हणून ऐक. २३ तारखेला मी इंदूरहून मुंबईला विमान आणणार आहे. नकाशावर मारून दिलेली रेघ कळसाडीपासून पंचवीस मैलांवरून जाते. हवेत पंचवीस मैल म्हणजे काहीच नाही. रेघ सोडून गावावर घिरट्या घालणं हा मोठा गुन्हा आहे, यात पंख जातात. पण मी एकच चक्कर मारीन. मायला सांग, सकाळी दहाच्या सुमारास तिचं लाल लुगडं घराच्या धाब्यावर वाळत घाल आणि स्वतः शेजारी उभी राहा.

कोणाला काही कळणार नाही.

तुझा,
वीरसिंग


मुंबई
ता. २ फेब्रुवारी १९४४

सौ. रेवाबाई, मु. धानोरा, यांस,
सा. न. वि. वि.

आपली माझी ओळख नाही. कळसाडी गावातील एक गृहस्थ आपले नातलग असून आपणास लिहिता-वाचता येते असे तेथे समजले, म्हणून हे पत्र. माझ्याविषयी चौकशी चालू असल्याने माझे प्रत्येक पत्र एक अधिकारी टाकण्यापूर्वी वाचतात. ते फार चांगले मराठी जाणतात.

२३ जानेवारीस मी विमान घेऊन चाललो असता वाट चुकलो. पेट्रोलमध्ये पाणी गेल्याने यंत्र बंद पडले आणि मला एका अगदी अपरिचित गावाच्या कापसाच्या शेतात उतरावे लागले. एक पंख मोडला. मला काही झाले नाही.

शेतात वेचणी करणारी एक बाई प्रथम आली. मग शेताचे मालक, पांढऱ्या मिशांचे वयस्कर गृहस्थ, काठी उगारून धावत आले आणि ओरडले, “कोन शे रे तू?” मी डोळ्यांवरचा चष्मा वर केला. ते तिथेच कापसात खाली बसले. बहुधा उन्हामुळे असावे. मी त्यांना उठवताना हळूच म्हणालो, की आपली ओळख नाही. ते म्हणाले, “माले बी आज तसंच वाटी ऱ्हायनं.” त्यानंतर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

शहाद्याहून फौजदार येऊन पंचनामा होईपर्यंत मी त्यांच्याच ओट्यावर बसलो. घरातल्या बाईंनी मला भाकरी आणि ठेचा वाढला. त्या समोर बसून बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. फौजदारांनी विचारले, “बाई, का रडता?” त्या म्हणाल्या, “मिरची लागनी.” जेवत मी होतो. गावातील माणसे फार प्रेमळ आहेत. परक्या माणसालाही पहिल्या नावाने हाक मारतात.

आता एक मोठे साहेब त्या गावी येतील. वैमानिक गावात कोणाच्या ओळखीचा होता काय, एवढेच ते विचारतील. तो मुद्दाम तेथे गेला असे ठरल्यास त्याचे पंख काढून घेतील व त्यास शिक्षाही होईल. गावकऱ्यांनी खरे तेच सांगावे, की त्यास कोणी ओळखत नाही.

त्या बाईंची प्रकृती कशी आहे? मी सहज विचारले.

आपला,
व्ही. बी. सिंग


कळसाडी
ता. २४ फेब्रुवारी १९४४

चि. वीरसिंग यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र टपालाने नाही. शहाद्याचे कापसाचे व्यापारी भीकमचंद शेठ मुंबईला निघालेत, त्यांच्या हाती देतेय, म्हणून मोकळं लिहिते.

तुझं ते पत्र वाचून मला वाटलं, आपटून तुझी स्मृती गेली! “अरे, मी रेवा, तुझी बहीण,” असं लिहायला बसलेही होते. दाजींनी हातातून टाक काढून घेतला. म्हणाले, पोराची स्मृती जागेवर आहे, तू तुझी घालव. मग आम्ही दोघं कळसाडीला आलो आणि गावाला तयार केलं.

फार तयार केलं, तिथेच चुकलं.

साहेब परवा आले. लालबुंद, उंच, गुडघ्यापर्यंत मोजे. सोबत धुळ्याच्या कचेरीतला दुभाषी, कोकणाकडचा. त्याला आपली अहिराणीच कशीबशी कळे. चावडीत सारा गाव जमला होता. पहिले पोलीस पाटील. साहेबांनी विचारलं, वैमानिकाला ओळखता? पाटील म्हणाले, “आमना गावमा विमान उनंच नही.” बाहेर मोडका पंख भिंतीला टेकवून ठेवला होता. मग म्हातारे रेवजी आले. ते म्हणाले, त्या पोराला ओळखत नाही, पोलीस पाटलांना ओळखत नाही आणि भावसिंगलाही आजच पाहतोय. भावसिंगच्या ओट्यावर हा माणूस गेली चाळीस वर्षं रोज येऊन बसतो! साहेबांनी दुभाष्याला विचारलं, या गावात कोणी कोणाला ओळखतं का?

मग आबांना बोलावलं. तुझा टोपीतला फोटो त्यांच्या हातात दिला. आबा उजेडाला गेले. फोटो जवळ धरला, लांब धरला. आबा म्हणाले, “नही. माले माहित नही.” आणि मग थांबवेना त्यांना. “पन कितला दुबया व्हई गया!”

दुभाष्याने सांगितलं की हा फार वाळलाय म्हणतात. साहेबांनी विचारलं, कोणापेक्षा? केव्हापेक्षा? आबा म्हणाले, शिपाई गड्याने जेवढं असावं त्यापेक्षा. साहेबांनी नुकसान विचारलं, कापूस किती गेला. आबा म्हणाले, कापूस राहू द्या, आधी सांगा पोराला कुठे लागलं तर नाही?

शेवटी फुलीबाई, वेचणी सोडून तुझ्याकडे पहिली धावली ती. तिला आम्ही शेतातच ठेवलं होतं, कारण ती आधीच म्हणाली होती, मी खोटं बोलणार नाही, मला डोंगराचा देव विचारील. पण पंचनाम्यात पहिलं नाव तिचंच होतं. साहेबांनी विचारलं, याला ओळखतेस? ती तिच्या भिली बोलीत ठणकावून म्हणाली, ओळखते तर! याचं नाक मी माझ्या पदराने पुसलंय, तेव्हा केवढा किंचाळायचा!

आबांनी डोळे मिटले. माय माझा दंड धरून उभी होती.

दुभाष्याला ‘नाक’, ‘पुसलं’ आणि ‘किंचाळला’ एवढेच शब्द कळले. त्याने साहेबांना सांगितलं, की वैमानिकाच्या नाकातून रक्त येत होतं, तो वेदनेने ओरडत होता आणि या बाईने आपल्या पदराने रक्त पुसलं. साहेब खुर्चीतून उठले. टाचा जुळवल्या आणि फुलीबाईला सलाम ठोकला. फुलीबाईने मला विचारलं, एवढ्यासाठी का उठला हा? मी म्हटलं, त्यांच्याकडे नाकाला फार मान आहे.

मायला त्या दिवसापासून दम कमी लागतो. तिने तुला डोळाभर पाहिलं ना. पण आबा घरात कोणाशी बोलत नाहीत. तुझा विषय निघाला की उठून गोठ्यात जातात. हवा खायला गेलेला मुलगा वरून पडला, हे त्यांना सोसलेलं नाही. मी त्यांना सव्वा वर्ष खोट्यात ठेवलं, म्हणून माझ्याकडेही पाहत नाहीत.

तुझी बहीण,
रेवा


मुंबई
ता. २० मार्च १९४४

ती. रेवाताईस सा. नमस्कार.

चौकशी संपली. आता पत्रं कोणी वाचत नाही. मी निर्दोष. ‘यंत्रातील बिघाडामुळे अपरिचित प्रदेशात कुशलतेने विमान उतरवले,’ असं लिहिलंय. हे मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मान खाली गेली. यंत्र खरंच बंद पडलं होतं, पण ज्या शेतात मी पतंग उडवले ते शेत अपरिचित!

पण भानगड इथे संपत नाही. साहेबांच्या अहवालात कळसाडीची इतकी स्तुती आहे, की वरच्यांना ती फार आवडली. आता शहाद्याला मामलेदार कचेरीपुढे समारंभ व्हायचाय. भावसिंग नावाच्या शेतकऱ्याला सन्मानपत्र मिळणार. त्यात लिहिलंय, ‘सर्वस्वी अनोळखी वैमानिकास पोटच्या मुलाप्रमाणे वागवल्याबद्दल.’ आणि ते द्यायला, भरतीची जाहिरात व्हावी म्हणून, त्या वैमानिकालाच पाठवत आहेत. बारा एप्रिल, सकाळी आठ वाजता.

मी साहेबांना म्हटलं, दुसऱ्या कोणाला पाठवा. ते म्हणाले, “लाजू नकोस. म्हातारा तुला पाहून खूश होईल.”

ताई, मला शत्रूच्या तोफांची एवढी भीती वाटली नसती. आबा चारचौघांत बोलून गेले तर माझे पंख जातील, आणि साहेबांनी अहवालात खोटं लिहिल्यासारखं होईल. आणि ते काहीच बोलले नाहीत, तर मी काय करू?

तुझा,
वीरसिंग


धानोरा
ता. १६ एप्रिल १९४४

चि. वीरसिंग यास अनेक आशीर्वाद.

तू मोटारीत बसल्यावर आबा आणि साहेब एवढा वेळ काय बोलत होते, असं घाईघाईने लिहिलेलं तुझं कार्ड मिळालं. मी बायकांच्या बाजूला पुढेच उभी होते. सगळं ऐकलं. सांगते.

तू सन्मानपत्र वाचलंस तेव्हा ‘अनोळखी’ या शब्दावर तू अडखळलास. सारं शहादं तुला ओळखतं, पण एक माणूस हसला नाही. भीकमचंद शेठ तर टाळ्या वाजवताना रडत होते. तू आबांना सलाम केलास. आबांनी सलाम करायला हात उचलला तो कपाळापर्यंत नेला आणि तिथेच ठेवला. तुला वाटलं असेल, त्यांना सलाम येत नाही. मी जवळून पाहिलं. ते डोळे झाकत होते.

तू मोटारीत जाऊन बसल्यावर मामलेदारांनी विचारलं, पाटील, दोन शब्द बोलता? घरात जवळजवळ तीन महिने गप्प असलेले आबा बोलले. साहेबांकडे वळून म्हणाले, “साहेब, हाऊ पोऱ्या माले दी द्या.”

साहेब चौकशीचेच होते आणि दुभाषीही तोच. त्याला वाटलं आपलं ऐकण्यात चुकलं. त्याने पुन्हा विचारलं. आबा म्हणाले, मला हा आवडला. माझा एक मुलगा आहे, तो मला न विचारता निघून गेला. हा मला न विचारता आला. मला हाच पाहिजे.

साहेबांनी गंभीरपणे ऐकून घेतलं. म्हणाले, हवाईदलाची माणसं अशी देता येत नाहीत, ती राजाची आहेत.

आबा म्हणाले, “मंग राजाले सांगा, सुट्टीपुरता दी दे.”

मामलेदार खोकले. माय पदर तोंडात धरून उभी. साहेब काहीतरी बोलणार होते, पण त्यांची नजर आबांच्या तोंडावर खिळली. मग तू बसला होतास त्या मोटारीकडे त्यांनी पाहिलं. मग परत आबांच्या नाकाकडे. भाऊ, आपल्या घरचं नाक काही लपण्यासारखं नाही. दुभाष्याने विचारलं, काही विचारायचंय का? साहेब म्हणाले, “नाही. मला काहीही विचारायचं नाही.” आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

तुझ्या कागदावरची कोरी जागा आता भरली जाणार आहे. मामलेदारांनी मराठीत वाचून दाखवलं: रजेतील पत्ता, मुक्काम कळसाडी, तालुका शहादा. नाते, मानलेले वडील. आबांनी खाली सही केली. मायचा अंगठा घेतला, मानलेली आई म्हणून. मलाही विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, मलाही लिहा.

येताना गाडीत आबा माझ्याशी बोलले. “तुन्हा हिशोब मी घर करसू,” एवढंच म्हणाले. पण बोलले.

तुझी मानलेली बहीण,
रेवा


कळसाडी
ता. २ मे १९४४

चि. वीरसिंग यास भावसिंगचा आशीर्वाद.

हे पत्र मी माझ्या हाताने लिहितो. चौथीनंतर लिहिलेलं नाही, म्हणून अक्षर तसं आहे. रेवाला दाखवलं नाही.

सरकारचा कागद आला. जूनच्या पहिल्या तारखेपासून तुला वीस दिवसांची रजा आहे आणि तू ती माझ्याकडे घालवायचीस, असा हुकूम आहे. विमानाने मोडलेली जागा मी पुन्हा नांगरली. तिथे काही पेरलं नाही. तुझी माय रोज विचारते, जून किती लांब. तिला तारखा समजत नाहीत, म्हणून मी भिंतीवर कोळशाने रेघा मारल्यात आणि रोज एक पुसतो.

मला तुला एक विचारायचं आहे. त्या दिवशी ओट्यावर विचारता आलं नाही, फौजदार होते. वरून आपलं शेत केवढं दिसतं? बांध दिसतो का? मी उभा होतो तो दिसलो का? तू खाली येताना मी काठी उगारली होती. ती तुझ्यावर नव्हती. मला माहीत नव्हतं.

साहेबाने मला मुलगा दिला, पण त्याचे नियम सांगितले नाहीत. मानलेल्या मुलाला बापाने मारलं तर चालतं का, हे विचारायचं राहून गेलं. तू ये, मग पाहू.

भावसिंग